आवाज रिसीव्हरचा, रिमोट एकच

एम. जी. रोडवरून युनिव्हर्सल रिमोट आणलास, टीव्ही चालू-बंद होतो, पण आवाज टीव्हीचाच वाढतो आणि स्पीकरना आवाज पुरवणारा रिसीव्हर ढिम्म! रिमोट परत करायला धावू नकोस. आवाजाची बटणं अजून टीव्हीच्या कोडला (कोणतं उपकरण चालवायचं ते रिमोटला सांगणाऱ्या आकड्याला) बांधलेली आहेत, एवढंच.

रिसीव्हरचा कोड ऑडिओ किंवा ॲम्प्लिफायरच्या यादीत शोध. एकेका कंपनीचे अनेक कोड असतात, त्यामुळे पॉवर चालला म्हणून पहिल्यावरच थांबू नकोस. आवाज, म्यूट, इनपुट, सगळं तपास. यामाहाच्या काही रिसीव्हरना रिमोट आयडी (रिमोट-रिसीव्हरची जोडी ठरवणारा क्रमांक) असतो, तोही जुळायला हवा. मग पुस्तिकेत ‘व्हॉल्यूम लॉक’ किंवा ‘पंच-थ्रू’ शोध. खरं काम तिथेच आहे! ते जमलं की टीव्ही मोडमध्येही आवाजाची आज्ञा रिसीव्हरलाच जाते.

कोड सापडलाच नाही तर लर्निंग रिमोट घे, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा. तो आणि रिसीव्हरचा मूळ रिमोट टेबलावर समोरासमोर, अगदी जवळ ठेव; थेट ऊन नको, इन्फ्रारेडमध्ये ते अडथळा आणतं.

आणि हो, टीव्ही-रिसीव्हर २००९ च्या एचडीएमआय १.४ नंतरचे असतील तर दोन्हींवर एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलेलं सॉकेट आहे का बघ. असेल तर तिथेच केबल जोड, सीईसी (जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवू देणारी सोय) चालू कर. बऱ्याचदा टीव्हीचाच रिमोट पुरतो.