कापूस विकल्यावरच पैसा हाती येतो. मग बियाणे-खतासाठी क्रेडिट कार्ड वापरावे का?

माझ्या मते वापरू नये. यवतमाळ-वर्ध्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याला कापसाचा चुकारा दसरा-दिवाळीनंतर मिळतो, कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला येते. जूनमध्ये कृषी केंद्रातून २०,००० रुपयांचे बियाणे व खत कार्डावर उचलले, तर फार तर ४५ ते ५० दिवसांची बिनव्याजी मुदत कपाशी पात्या-फुलांवर असतानाच संपते आणि पूर्ण बिल भरले नाही तर खरेदीच्या तारखेपासूनच महिना साडेतीन टक्क्यांनी दरमहा सुमारे ७०० रुपये व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज नाही. उलट बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून रोकड काढल्यास तर पहिल्याच दिवसापासून व्याज सुरू होते, म्हणजे सावकार परवडला म्हणायची पाळी.

पेरणीसाठी किसान क्रेडिट कार्डावरील पीक कर्ज घ्यावे. नावात साम्य असले तरी ते वेगळे आहे. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, मुदतीत फेडल्यास ४ टक्के, आणि तेही वार्षिक. घरात दुधाचे किंवा पगाराचे पैसे महिन्याला येत असतील, तर साधे कार्ड तेवढ्याच रकमेपुरते, किराणा-औषधांसाठी वापरावे व पूर्ण बिल मुदतीपूर्वी भरावे.