खरेदीखत करून देण्याआधी: परतीची अट कुठल्या कागदावर आहे?

सिबिल खराब, बँका अर्ज परत करतात आणि 'ओळखीतलेच एक जण' जमिनीवर पैसे द्यायला तयार आहेत, अशी पत्रं आता इतकी येतात की पहिल्या परिच्छेदावरूनच शेवटचा कळतो. त्यातल्या एकाला इथे उत्तर देतो, कारण या वाचकानं अजून सही केलेली नाही. बाकीचे बहुतेक सही झाल्यावर लिहितात.

वाचक गॅरेज चालवतात. लेथ मशीन आणि शेडसाठी सहा लाख हवेत. दोन बँका आणि एका पतसंस्थेनं नकार दिला, कारण २०१८ मध्ये चुलतभावाच्या टेंपोच्या कर्जाला ते जामीन राहिले आणि ते कर्ज थकलं. आता गावातले एक गृहस्थ दीड एकरावर सहा लाख देतायत, महिना शेकडा तीन व्याजानं. त्यासाठी जमिनीचं नोंदणीकृत खरेदीखत करून द्यायचं. दोन वर्षांत पैसे फेडले की जमीन परत, हा करार वेगळा, पाचशेच्या स्टँपवर, नोटरीसमोर. शिवाय सही केलेले दोन कोरे चेक. सातबारावर आईचं नाव असल्यामुळे तिचीही सही लागणार. दुय्यम निबंधकांकडे पुढच्या शुक्रवारची वेळ घेऊन झाली आहे. विचारतात, 'व्याज जास्त आहे का? आणि नोटरीचा करार कोर्टात चालतो का?'

व्याज जास्त आहे हे तुम्हालाही माहीत आहे. परवानाधारक सावकारासाठी शासनानं २०१४ साली ठरवलेला वर्षाचा दर शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला ९ टक्के आणि बिगरशेतकऱ्याच्या तारणी कर्जाला १५ टक्के. तुमचा पडतो ३६. पण व्याजानं जमीन जाईल की नाही हे नंतरचं. ती जाणार आहे ती दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात शाबूत आहे.

मसुद्याचं शीर्षक 'कायम खुष खरेदीखत'. तिसऱ्या पानावर लिहिलंय की लिहून देणार (म्हणजे तुम्ही) यांचा मिळकतीवर कोणताही हक्क, हितसंबंध उरलेला नाही आणि प्रत्यक्ष ताबा लिहून घेणार (म्हणजे ते गृहस्थ) यांना दिला आहे. सहा लाख हे कर्ज आहे असं एकाही ओळीत नाही. दोन वर्षांत जमीन परत द्यायची, हेही नाही. ते सगळं नोटरीच्या कागदावर.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८(सी) मुदत खरेदीच्या गहाणाबद्दल आहे. दिसायला विक्री, पण पैसे फेडले की मिळकत परत, असा व्यवहार कायदा गहाण मानतो. त्याला १९२९ साली एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी पुरवणी अट, जोडलं गेलं: परतीची अट ज्या दस्तानं विक्री होते त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण समजायचा नाही. दुसऱ्या कागदावर, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर लिहिली असली तरीही नाही. तुमच्या प्रकरणात बाकी सगळं या एका वाक्याच्या मागून येतं.

व्यवहार गहाण ठरला तर जमीन सोडवून घेण्याचा हक्क कलम ६० नं मिळतो आणि त्या दाव्याला मुदत कायद्यानं ३० वर्षं मिळतात. दोन वर्षांची तारीख चुकली म्हणून जमीन गेली असं होत नाही. तोच व्यवहार विक्री अधिक वेगळा परतीचा करार असा ठरला, तर तुमच्या हातात फक्त करारपूर्तीचा दावा उरतो. त्याला ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं. त्यातही परत खरेदीच्या करारात कोर्ट मुदत काटेकोरपणे बघतं: ठरल्या दिवसापर्यंत तुम्ही पूर्ण रक्कम घेऊन तयार होतात, ती देऊ केलीत, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. 'साहेब, दोनच महिने उशीर झाला' हे वाक्य तिथे ऐकून घेतलं जात नाही. आणि मधल्या काळात सातबारावर नाव त्यांचं. ते जमीन तिसऱ्याला विकू शकतात; मग त्या तिसऱ्याला तुमच्या नोटरीच्या कागदाची माहिती होती का, यावर आणखी एक खटला.

थोडक्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: करार कदाचित चालेल, पण जमीन वाचवायला तो अपुरा आहे.

'पण तोंडी ठरलंय, चार लोक साक्षीला आहेत' असं तुम्ही म्हणाल. नोंदणीकृत दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा सहसा घेत नाहीत. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५ आहे. त्याला अपवाद आहे. गंगाबाई विरुद्ध छब्बूबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की खरेदीखत नुसतं नावापुरतं होतं, खरा व्यवहार कर्जाचाच होता, हे तोंडी पुराव्यानं दाखवता येतं. पत्रलेखकांना हा निकाल कुठून तरी कळतो आणि हायसं वाटतं. त्यांनी तारखा बघाव्यात. व्यवहार १९५३ सालचा, रक्कम दोन हजार रुपये, शेवटचा निकाल १९८१. तेव्हापासून आपली दिवाणी न्यायालयं फार वेगवान झालीत असं माझ्या तरी पाहण्यात नाही. तुमच्या दीड एकरासाठी हा रस्ता धरायचा असेल तर गॅरेज मुलाच्या हाती देऊनच या.

आता ते गृहस्थ गहाणखत का करून घेत नाहीत, याचा विचार करा. तुम्हाला सांगितलंय की 'गहाणखताला खर्च जास्त येतो'. उलट आहे. ताबा न देता केलेल्या गहाणखताचं मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या मानानं खूपच कमी असतं. खरं कारण महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये सापडेल. कर्ज दिलं त्या दिवशी सावकाराकडे वैध परवाना नव्हता, तर कलम १३ प्रमाणे कोर्ट त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही. गहाणखत केलं तर वसुलीला कोर्टात जावं लागतं आणि तिथे परवाना विचारतात. खरेदीखत असलं की त्यांना कोर्टाची पायरीच चढावी लागत नाही. पायरी तुम्ही चढायची. त्यांच्याकडे परवाना आहे की नाही हे मला माहीत नाही, तुम्हीही विचारलेलं नाही. विचारा, आणि परवान्याचा क्रमांक घेऊन जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात पडताळून पाहा. उत्तर देताना ते रागावले तर तेही उत्तरच आहे.

कोऱ्या चेकबद्दल एवढंच: 'सही माझी, पण रक्कम मी लिहिली नाही' हा बचाव तुम्हाला वाटतो तितका उपयोगाचा नाही. कोरा चेक स्वतःहून सही करून दिला असेल तर तो देणं फेडण्यासाठीच दिला हे गृहीतक लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बीरसिंग प्रकरणात म्हटलंय. ते खोडून काढायचा भार तुमच्यावर. देऊ नका.

ज्यांनी सही केव्हाच करून दिली आहे त्यांच्यासाठी २०१४ च्या कायद्याचं कलम १८ आहे. सावकारीच्या ओघात, कर्जाचं तारण म्हणून जमीन खरेदीखतानं किंवा इतर कुठल्याही दस्तानं सावकाराकडे गेली असेल, तर याच कायद्याखालचा जिल्हा निबंधक (दस्त नोंदवणारा नव्हे) चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतो आणि ताबा परत द्यायला सांगू शकतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला व्यवहार असावा लागतो. इथे परंतुकाचा अडसर तितका येत नाही. पण समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो हे दिसावं लागतं. एखाद्यानं एकदाच कुणाला पैसे दिले तर तो सावकार ठरेलच असं नाही. गावात आणखी कुणाकुणाची अशी खरेदीखतं त्यांच्या नावावर झाली आहेत, दस्तातली किंमत बाजारभावाच्या किती खाली आहे, जमीन आजही कोण कसतंय, महिन्याचं व्याज बँकेतून गेलंय का, यावर चौकशी फिरते. व्याज रोख देत असाल आणि पावती मागायला संकोचत असाल, तर स्वतःचा पुरावा दर महिन्याला स्वतःच पुसताय. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळं घडताना पाहिलंय.

आता मुळाकडे, म्हणजे सिबिलकडे. तुम्ही लिहिता, 'मी एक पैसाही घेतला नाही, तरी माझंच नाव खराब.' जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८. टेंपोच्या कर्जावर सही करताना हे कागदावर होतं, आणि बँकेच्या दोन नोटिसा 'भावाच्या असतील' म्हणून न उघडता ठेवल्यात, हेही तुम्हीच लिहिलंय. त्यावर अधिक बोलत नाही.

पण पुढचं वाक्य कामाचं आहे: 'भावानं २०२२ मध्ये सगळं मिटवलं.' मिटवलं म्हणजे काय? पूर्ण फेडलं, की तडजोड करून कमी रकमेत बंद केलं? हे कळल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही, आणि चार वाक्यं लिहूनही ते तुम्ही सांगितलेलं नाही. भावाकडून बँकेचं पत्र घ्या. 'नो ड्यूज' असेल आणि तुमच्या अहवालात अजून थकबाकी दिसत असेल, तर ती चूक आहे आणि बँकेला ती दुरुस्त करावीच लागेल. पत्रात 'सेटलमेंट' असेल, तर अहवालातली 'सेटल्ड' ही नोंद खरी आहे. खरी नोंद कुठलाही वकील पुसू शकत नाही, आणि 'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणून पाच-दहा हजार मागणारा एजंट तर नाहीच. अशा वेळी सोडून दिलेली उरलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद झाल्याची नोंद करून घेता येते का, हे बँकेला लेखी विचारावं. ती रक्कम सहा लाखांवरच्या एका वर्षाच्या व्याजापेक्षा कमी असण्याची शक्यता बरीच आहे. सहा लाखांवर शेकडा तीननं वर्षाला २ लाख १६ हजार होतात.

नोंद चुकीची असेल तर तक्रार लेखी करा. 'शाखेत जाऊन तीनदा सांगितलं' ही तक्रार नव्हे. क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असते. तक्रार कंपनीकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे टाका, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्या ३० पैकी पहिले २१ दिवस बँकेचे. शंभर रुपयांनी तुमचं काही भागणार नाही, पण तारीख पडलेली तक्रार बँकेच्या टेबलावर वेगळ्या नजरेनं वाचली जाते. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. म्हणजे २०२२ पासून आजवर जे पडून आहे ते बहुधा महिन्या-दोन महिन्यांचं काम होतं.

दुरुस्तीनंतर कर्ज मिळेलच असं मी म्हणत नाही. अमुक गुणांखाली कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपलं ठरवते. तोवर नवे अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते.

शुक्रवारचं काय? वेळ रद्द करा. लेथ मशीन दोन महिने थांबेल. अगदीच थांबणं शक्य नसेल आणि समोरच्याकडे परवाना असेल, तर ताबा न देता नोंदणीकृत गहाणखत करा: रक्कम, व्याजाचा दर, फेडीची मुदत त्यातच, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, आणि पैसे बँक खात्यात घ्या. ते 'खरेदीखतच हवं' म्हणून अडून बसले, तर निदान हे वाक्य त्याच खरेदीखतात येऊ द्या: 'सदर रक्कम कर्जाऊ असून मिळकत त्या कर्जाच्या तारणापोटी दिली आहे, रक्कम परत केल्यावर लिहून घेणार यांनी मिळकत लिहून देणार यांच्या नावे परत फरोक्त करून द्यावयाची आहे.' आणि तिसऱ्या पानावरचं ताब्याचं वाक्य काढून टाका, कारण ताबा तुम्ही देतच नाही आहात. एवढं करूनही कोर्ट उद्देश तपासतंच, त्यामुळे हा मी तिसऱ्या क्रमांकाचा मार्ग सांगतोय. हे वाक्य दस्तात घालायला ते तयार झाले नाहीत, तर ते जमीन परत देण्याच्या बेतात नाहीत असं समजून चाला.

आणि आईला मसुदा वाचून दाखवा, तिसऱ्या पानासकट. पत्रात तुम्ही लिहिलंय की तिला 'कर्जाचा कागद' एवढंच सांगितलंय. सही तिचीही आहे आणि हिस्साही.