डॉक्टर परिषदेला जाणार, मग माझे टाके कोण बघणार?

पाऊस सरला की गोव्यात परिषदांचा हंगाम सुरू होतो आणि इथले डॉक्टरही याच दिवसांत बाहेरच्या परिषदांना निघतात. कॉस्मेटिक सर्जरीबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या येण्याजाण्याभोवतीच होती. त्यांतली सहा घेतली आहेत.

प्रश्न : दोन बाळंतपणांनंतर पोटाची कातडी लोंबते. चतुर्थी आटोपली की ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं आहे. मंगळवारी ऑपरेशन, शुक्रवारी डॉक्टर मोपा विमानतळावरून परिषदेला निघणार, ते पुढच्या गुरुवारी परत. "काळजी करू नका, स्टाफ आहे," असं म्हणतात. करून घेऊ का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : तारीख पुढे ढकला. डॉक्टर परत आल्यानंतरची घ्या. पोट कमी करण्याचं ऑपरेशन तातडीचं नसतं, दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

दिवसांचा हिशेब मांडून पाहा. कातडीखाली रक्तस्राव व्हायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. एक बाजू अचानक टणक होते, दुखणं वाढत जातं, ड्रेनच्या, म्हणजे आतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, डबीत ताजं लाल रक्त येतं. तेव्हा डॉक्टर गावात असतील. पण खालच्या टाक्यांच्या वर, मधोमध, कातडीला रक्त कमी पडून ती काळपट व्हायला लागते ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. जंतुसंसर्गाचा ताप आणि लाली बहुधा चौथ्या ते सातव्या दिवशी. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका पहिल्या दिवसापासून पुढे कित्येक आठवडे राहतो. कातडीखाली पाणी साचतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तुमचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी जाऊन नवव्या दिवशी परतणार, म्हणजे ज्या दिवसांत सर्जनची नजर हवी, नेमक्या त्याच दिवसांत ते नसतील.

काही कारणानं तारीख बदलणं शक्यच नसेल, तर "स्टाफ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. मागे जबाबदारी घेणारे प्लास्टिक सर्जन कोण, त्यांचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी तुम्हाला एकदा तपासलेलं असावं, त्याच इस्पितळात तुम्हाला दाखल करून परत ऑपरेशन करण्याची त्यांना मुभा असावी आणि ऑपरेशनची सविस्तर नोंद त्यांच्या हातात असावी. नर्स ड्रेसिंग उत्तम करते, पण काळवंडलेल्या कातडीचे टाके सैल करायचे की नाही हा निर्णय तिचा नव्हे.

घरी ड्रेन घेऊन जावं लागलं, तर तो रिकामा करण्याची पद्धत डिस्चार्जआधी स्वतः करून दाखवा. घडीच्या डबीचा ड्रेन असेल तर आधी नळीवरची क्लिप बंद करायची, बूच उघडून मापाच्या कपात द्रव काढायचा, डबी पूर्ण दाबायची, दाबलेलीच ठेवून बूच लावायचं आणि मग क्लिप उघडायची. चूक होते ती शेवटच्या पायरीला. क्लिप उघडायची राहते, डबी दिवसभर कोरडी दिसते, घरच्यांना वाटतं पाणी थांबलं, आणि ते आत साचत राहतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की साधारणपणे ड्रेन काढतात. एका पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं, तर कोणाच्या फोनची वाट न पाहता १०८ बोलवून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा.

प्रश्न : एका क्लिनिकच्या भिंतीवर देशोदेशींच्या परिषदांची वीसेक प्रमाणपत्रं लावलेली आहेत. केस लावून घ्यायचे आहेत. एवढी प्रमाणपत्रं म्हणजे डॉक्टर चांगलेच असणार ना? – एक वाचक, मडगाव

उत्तर : परिषदेचं प्रमाणपत्र हजेरीचं असतं. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते मिळतं. त्या डॉक्टरांना शिकण्याची आवड आहे एवढं त्यातून कळतं, आणि ही आवड मोलाचीच आहे. हात तयार आहे की नाही, हे मात्र कळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे असे उपचार सुरू करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. केशरोपण प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण झालेल्यांनी, किंवा त्वचारोगात एमडी वा डीएनबी करून पुढे या कामाचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावं, ही त्यातली दिशा.

म्हणून भिंतीवर आधी पदवी शोधा : एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी, किंवा एमडी वा डीएनबी, त्वचारोग. वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मग विचारा की मुळं कोण काढणार आणि कोण लावणार. डॉक्टर फक्त रेघ आखून निघून जातात आणि पुढचे सहा-सात तास तंत्रज्ञ काम करतात, अशी जागा असेल तर तिथून उठा. आणखी एक बारीक प्रश्न : काढलेली मुळं बाहेर किती वेळ राहतात आणि कशात ठेवतात? ती थंड द्रावणात, ओली राहिली पाहिजेत. गॉजवर सुकलेलं मूळ लावलं काय, न लावलं काय, सारखंच.

प्रश्न : मी नुकताच एमसीएच झालो आहे. पहिल्यांदा परदेशी परिषदेला जातो आहे. नाकाचा दांडा न तासता खाली बसवण्याचं तंत्र, म्हणजे प्रिझर्वेशन ऱ्हायनोप्लास्टी, आणि डीप प्लेन फेसलिफ्ट, म्हणजे खोलच्या थरातून चेहरा वर ओढून घेण्याचं तंत्र, दोन्ही शिकून यायचं मनात आहे. तयारी कशी करावी? – एक तरुण सर्जन, म्हापसा

उत्तर : एकच निवडा. दोन्ही ऐकून या हवं तर, पण हात एकातच घाला. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत नाकाचे रुग्ण जास्त असतील तर नाक घ्या, कारण परतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्या तंत्राचे चार-पाच रुग्ण मिळाले नाहीत तर शिकलेलं विरून जातं.

निघण्याआधी मूळ लेख वाचा. प्रिझर्वेशन हे नाव २०१८ च्या आसपास रूढ झालं, पण दांडा शाबूत ठेवून तो खाली उतरवण्याची कल्पना लॉथ्रप या सर्जननं १९१४ मध्येच मांडली होती. ती मागे का पडली हे समजून घेतलं तर आजच्या वक्त्यांना नेमके प्रश्न विचारता येतील. उंचवटा काही महिन्यांनी परत वर येणं, हे या तंत्राचं जुनं दुखणं. मधल्या पडद्याची पट्टी अपुरी काढली, किंवा हाडाचा आणि कूर्चेचा ताण सगळीकडून सुटला नाही, की दांडा स्प्रिंगसारखा उसळतो. पट्टी जास्त गेली तर खोगिरासारखा खड्डा. मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये, पायरी राहते ती हाडाचा वरचा काप चुकला की.

परिषदेत व्हिडिओ बघताना लक्षात ठेवा की अडीच-तीन तासांचं काम आठ मिनिटांत बसवलेलं असतं. जे कापून टाकलं त्यात रक्त थांबवणं, चुकलेला काप, परत घातलेला टाका असतो. वक्त्याला तेच विचारा : कुठे अडकता, अडकलात की काय करता, कोणत्या नाकाला हे करत नाही. फोटोंकडेही तपासणीच्या नजरेनं पाहा. आधीचा फोटो वरून पडणाऱ्या प्रकाशात आणि नंतरचा समोरून फ्लॅश मारून काढला, की उंचवट्याची सावलीच नाहीशी होते. कॅमेरा जवळ धरला तर नाक मोठं दिसतं, लांबून घेतलं तर लहान. तीन महिन्यांचा फोटो दाखवून कोणी निकाल सांगत असेल तर वर्षाचा मागा. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. आणि गुंतागुंतीवरचं सत्र असेल, तर ते चुकवू नका. ते बहुधा शेवटच्या दिवशी दुपारी असतं, जेव्हा बरेच जण विमानतळाकडे निघालेले असतात.

मृतदेहावरच्या कार्यशाळेत जागा घेताना देह ताजा गोठवलेला आहे की फॉर्मॅलिनमधला, हे आधी विचारा. फॉर्मॅलिनमध्ये ऊती कडक होतात, पापुद्रे हाताला लागत नाहीत. एका डोक्यावर किती जण हेही विचारा. दोघांपेक्षा जास्त असतील तर आपल्या वाट्याला बघणंच येईल. फेसलिफ्टसाठी तर हे अनिवार्यच, कारण त्या पातळीत चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा अगदी जवळून जातात. तिथे चुकलेली कात्री वाकडं तोंड देऊन जाते.

परतल्यावर लगेच अवघड रुग्ण घेऊ नका. सरळ नाक, लहान ते मध्यम उंचवटा, आधी ऑपरेशन न झालेलं. वाकडं नाक, अपघातातलं नाक, दुसऱ्यानं केलेलं नाक, ही नंतर. पहिल्या दोन-तीन वेळा या तंत्रात मुरलेला सर्जन शेजारी उभा हवा. मध्येच जमलं नाही, तर आपल्याला येणाऱ्या जुन्या पद्धतीनं काम पूर्ण करता आलं पाहिजे. त्याची हत्यारं टेबलावर मांडूनच सुरुवात करा. आणि संमतिपत्रावर सही घेताना रुग्णाला सांगा की हे तंत्र तुमच्यासाठी नवं आहे, ही तिसरी केस आहे. ते ऐकून रुग्णानं नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे.

तंत्र पाहून, सराव करून, मग माणसाला हात लावण्याची ही रीत नवी नाही. कावसजी नावाच्या एका मराठी गाडीवानाचं टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलं, आणि पुण्याजवळच्या एका वीट घडवणाऱ्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून ते परत घडवलं. ही हकिकत लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. ती वाचलेल्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं आधी मृतदेहांवर सराव केला आणि जिवंत रुग्णावर पहिली शस्त्रक्रिया केली ती १८१४ मध्ये.

प्रश्न : नितंबांत स्वतःचीच चरबी भरण्याचं ऑपरेशन परदेशात गाजतं आहे. शरीरातलंच असल्यानं धोका नाही, असं सांगतात. – एक वाचक, वास्को

उत्तर : चरबी आपलीच असली तरी ती शिरेत गेली की जीव घेते. नितंबाच्या स्नायूत मोठ्या शिरा आहेत. सुई खोल गेली, शीर फाटली, की चरबी थेट हृदयाकडून फुप्फुसात पोहोचते. २०१७ मध्ये सर्जनांच्याच पाहणीतून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३,००० ऑपरेशनांमागे १ असं समोर आलं. इच्छेनं करून घेतलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी ते भयानक मोठं होतं. पुढच्या वर्षी अनेक संघटनांनी मिळून बजावलं : चरबी फक्त कातडीखालच्या थरात, स्नायूत कधीच नाही. आता सुईचं टोक कुठे आहे हे सोनोग्राफीवर बघत भरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा की ऑपरेशनमध्ये सोनोग्राफीचं यंत्र असेल का. "गरज नाही, हाताला कळतं," हे उत्तर आलं तर करून घेऊ नका.

परिषदेला न जाणारा सर्जन अशा वेळी मागे पडतो. तंत्राची घातक बाजू आधी तिथेच उघड बोलली जाते.

प्रश्न : डॉक्टरांच्या परदेशवाऱ्यांचा खर्च कंपन्या करतात ना? मग तेच इम्प्लांट आमच्या माथी मारतात का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : डॉक्टरांनी औषध आणि उपकरण कंपन्यांकडून प्रवास व पाहुणचार घेऊ नये, अशी दुरुस्ती आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्येच झाली. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनंही कंपन्यांना परिषदेसाठी डॉक्टरांचा प्रवासखर्च करायला मनाई केली. व्याख्यान द्यायला जाणाऱ्यांचा अपवाद आहे. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं आणि तेच का, हे विचारायला संकोच नको. ऑपरेशननंतर त्याच्या क्रमांकाचं स्टिकर असलेलं कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा. २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाची काही स्तन-इम्प्लांट दुर्मीळ कर्करोगाच्या संबंधामुळे जगभरातून परत बोलावली गेली, तेव्हा आपल्या शरीरात कोणतं आहे हे कार्ड असलेल्या बायकांनाच लगेच सांगता आलं.

प्रश्न : परिषदेसाठी आलेले एक परदेशी डॉक्टर शनिवारी आमच्या ओळखीच्या क्लिनिकमध्ये नाकात फिलर, म्हणजे आकार देणारं जेलचं इंजेक्शन, टाकणार आहेत, तेही सवलतीत. जाऊ का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : नको. परदेशी डॉक्टरांना भारतात रुग्णांवर उपचार करायला तात्पुरती नोंदणी लागते, ती आहे का हे क्लिनिकला विचारा. ती असली तरी नाकातलं फिलर हे सगळ्यात धोक्याच्या फिलरांपैकी आहे. नाकाच्या धमन्यांचं डोळ्याच्या धमनीशी नातं आहे. जेल धमनीत गेलं तर नजर जाऊ शकते, नाकाची कातडी मरू शकते. सुरुवातीला कातडी पांढरी पडते, मग जाळीदार जांभळट डाग उमटतात. बोटानं दाबून सोडलं की रंग परत यायला दोन-तीन सेकंदांहून जास्त लागतात. दुखेलच असं नाही, कारण फिलरमध्ये भूल मिसळलेली असते.

त्यावर उतारा म्हणजे हे जेल विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज. आपल्याकडे १,५०० युनिटच्या बाटलीत मिळतं. कातडीला रक्त मिळेपर्यंत ते दर तासाला परत परत, शेकड्यांनी युनिट टोचावं लागतं, म्हणजे एक बाटली पुरेलच असं नाही. कधीकधी ही लक्षणं घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दिसतात. शनिवारी टोचणारे डॉक्टर रविवारी विमानात असतील. फिलर घ्यायचंच असेल तर इथेच राहणाऱ्या, रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांकडे घ्या, आणि फ्रीज उघडून त्या बाटल्या किती आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे आधी दाखवायला सांगा.