बेसलाइनवरून जोरात मारतो, बाबोलाटची प्युअर एअरो ही टेनिस रॅकेट घेऊ का?

हो घ्या, पण तुमच्या फोरहँडला टॉपस्पिन (बॉल पुढच्या दिशेने फिरवत मारणं) असेल तरच, कारण फ्लॅट, म्हणजे स्पिन न देता मारणाऱ्याचा बॉल या रॅकेटने सारखा बाहेर जातो. मी क्लबवर हीच वापरतो. 100 चौरस इंचाचं हेड, तारांशिवाय 300 ग्रॅम वजन आणि 16 उभ्या आणि 19 आडव्या तारांचा मोकळा पॅटर्न, त्यामुळे तारा सरकून झटकन जागेवर येतात आणि बॉल असा काही फिरतो की नेटच्या बराच वरून जाऊनही आतच पडतो, नदालचा फोरहँड आठवा. कंट्रोल जास्त हवा तर अल्काराझवाली प्युअर एअरो 98 (98 चौरस इंचाचं हेड) बघा, पण तिला स्विंग पूर्ण लागतो. फक्त फ्रेम कडक आहे, कोपर दुखत असेल तर कडक पॉलिएस्टर तारा टाळा, मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या मऊ तारा) लावा.