गावातल्या शेतकरी कंपनीत राजकारण शिरू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावातले काजूवाले मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढताय आणि राजकारण बाहेर ठेवायचंय. नाही राहत हो बाहेर, आत येतंच. आलं की ते कुणाच्या पोत्यात जाऊन बसतं ते बघायचं.

आम्ही राजापूर तालुक्यातले. २०२० ला केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना आली, सभासदामागे २,००० रुपये, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाखांपर्यंत अनुदान मिळणार हे कळलं आणि झाडं नसलेले पण सभासद व्हायला आले. कायद्याने संचालक कमीत कमी पाच लागतात, आमच्याकडे प्रत्येक वाडीचा एक, वर मानकऱ्यांपैकी एक, असं करत करत काजूची कंपनी बाजूला राहिली आणि गावकीचीच बैठक झाली. त्यात काजूचा सीझन नेमका शिमग्याला. पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार यावरून वाजलं, आणि ज्यांचा मान हुकला त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळी काजू बी व्यापाऱ्याच्या टेम्पोत भरली. पालखीचा आणि काजूचा काय संबंध हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

पण ते परवडलं. आमचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांचं किराणा दुकान आहे, दारात काटा लावून बी घ्यायचे ते आधीपासूनच, आणि कंपनी झाल्यावरही तो काटा तिथेच. टपोरी, नीट वाळवलेली बी दुकानातून आजरा-चंदगडच्या फॅक्टरीवाल्यांना आणि मे अखेरीला वळवाच्या पावसात भिजलेली, आत गर काळा पडलेली बी कंपनीच्या काजू सोलायच्या युनिटला, दर मात्र मार्चचा, म्हणजे चांगल्या बीचा! मी मीटिंगमध्ये म्हटलं, वजनाआधी प्रत्येक पोत्यातली मूठभर बी कापून बघायची, संचालकांचं पोतं पहिलं. काका म्हणाले, "म्हणजे मी चोर काय?" सगळे गप्प. गप्प बसणारच, निम्म्यांची उधारी त्यांच्या वहीत. वडील घरी येऊन मलाच बोलले की चारचौघांत मोठ्या माणसाचा पाणउतारा केलास. अशा बीचा काळा, तुकडा गर कोण चांगल्या दराने घेणार? पैसे अडकले, आणि पहिली थांबली ती सोलणीच्या बायकांची मजुरी, ज्यांना ना पालखीचा मान होता ना खुर्ची.

तर तुमच्यासाठी. उत्पादक कंपनीच्या कायद्यातच आहे की कंपनीच्या धंद्याशी हितसंबंध आड येतात असा माणूस सभासदच होऊ शकत नाही, आणि नंतर तसा धंदा सुरू केला तर सभासदत्व जातं. म्हणजे बी खरेदी करणारा दुकानदार अध्यक्ष सोडा, सभासदही नको, मग तो काका असो नाहीतर आमदाराचा माणूस. दुसरं, एका सभासदाला एकच मत हे सगळे सांगतात, पण नियमावलीत तशी तरतूद केली तर मत फक्त सक्रिय, म्हणजे कंपनीला खरंच माल देणाऱ्या, सभासदांपुरतं ठेवता येतं हे कुणी सांगत नाही. ते सुरुवातीलाच लिहून घ्या, नंतर कुणी सही करणार नाही. फायद्यातला बोनसही ज्याने जेवढी बी दिली त्या प्रमाणातच वाटा. आणि पोतं कापून बघणं म्हणजे अपमान नाही, व्यापारी आपल्या दारात येऊन तेच करतो तेव्हा आपण त्याला वर चहा देतो.

सगळ्याच कंपन्या अशा बुडतात असं नाही, चांगल्या चाललेल्याही आहेत, आणि काकांनी युनिटसाठी बँकेत खेटे घातले हेही खरंच. नोंदणीचं वगैरे तुमचा सीए सांगेल.

काका मोबाईलवर सगळं वाचतात, हेही वाचतील. त्या मे महिन्यातल्या बीची पावती अजून दाखवायची राहिली आहे काका.