कार्ड बंद केलं तर पत जाईल का?

‘फी कापली गेली मॅडम. कार्ड ठेवू की बंद करू?’ माझ्याकडे लोक झोप लागत नाही म्हणून येतात, घरात भांडणं होतात म्हणून येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बॅगेतून क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट निघतं. हे इतक्यांदा झालंय की एकदा लिहावंच असं वाटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका गृहस्थांची गोष्ट सांगते.

पन्नाशीचे. लालबागच्या चाळीत वाढलेले, आता मुलुंडला स्वतःचा फ्लॅट. खिशात तीन कार्डं. सगळ्यात भारी कार्डाची वार्षिक फी 5,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. वर्षाला दोन लाख खर्च केले तर फी माफ. वर्ष संपत आलं तेव्हा चाळीस हजार कमी पडत होते, म्हणून यांनी चांगला चालता फ्रिज काढून नवा आणला. त्यावरून बायकोने अबोला धरला होता.

‘एअरपोर्टच्या लाउंजमध्ये वर्षात किती वेळा बसलात?’

‘दोनदा.’

‘पॉइंट?’

‘साठवलेत. वापरले नाहीत अजून.’

‘मग ठेवायचं कशाला?’

‘नाही मॅडम, ते कार्ड असलंच पाहिजे.’

त्या ‘च’पाशी मी थांबले. इतक्या वर्षांत माझा यावर विश्वास बसलाय की माणूस जिथे ‘च’ लावतो तिथे हिशेब थांबलेला असतो आणि भीती बोलत असते. मी विचारलं, ‘नसलं तर काय होईल?’

‘पत जाईल.’

‘कोणाच्या नजरेत?’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग 1982 निघालं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हे सात वर्षांचे होते आणि वडील गिरणीत. महिन्याच्या वाणसामानाची वही घेऊन आई यांनाच दुकानात पाठवायची; लहान पोराला वाणी नाही म्हणणार नाही, असा तिचा अंदाज. एके दिवशी वाण्याने वही उघडलीच नाही. तशीच फळीवरून परत सरकवली. ‘आधी मागचं आण.’ मागे शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. ‘घरी येऊन आईला सांगितलं, दुकान बंद होतं,’ ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मी घाई केली नाही. थोड्या वेळाने विचारलं, ‘आज तुमच्याकडे कोणाचं किती येणं आहे?’

‘एक रुपया नाही. बिल दर महिन्याला पूर्ण भरतो.’

‘मग आज तो वाणी वही उघडेल की नाही?’

ते हसले, डोळे पुसले, आणि स्वतःच म्हणाले, ‘उघडेल. कार्ड न बघता उघडेल.’ हा प्रश्न मला त्या क्षणी सुचला याचं समाधान अजून आहे. आपल्या भाषेत उधार मिळण्याची ऐपत आणि अब्रू, दोन्हींना ‘पत’ हा एकच शब्द. बँक पहिली देते, आपण दुसरी समजून फी भरतो.

भीती बाजूला झाल्यावर हिशेब सोपा होता. गेल्या वर्षी कार्डाने खरोखर हातात काय दिलं ते लिहायचं. फी माफीसाठी जी खरेदी एरवी केलीच नसती, ती फायद्यात धरायची नाही. आधी बँकेला फोन करून फी माफ होते का, किंवा बिनफीचं कार्ड बदलून मिळतं का, ते विचारायचं, पुष्कळदा मिळतं.

सिबिलची, म्हणजे कर्ज देताना बँका जे परतफेडीचे गुण बघतात त्यांची, काळजी अगदीच खोटी नाही. यांची तिन्ही कार्डांची मिळून मर्यादा सहा लाख आणि वापर नव्वद हजार, म्हणजे 15 टक्के. तीन लाखांचं कार्ड गेलं की तोच वापर 30 टक्के दिसतो, आणि त्यापुढे जाऊ नये असं साधारण मानतात. म्हणून मोठं कर्ज घ्यायचं असेल तर मंजुरीपर्यंत थांबावं. पण चांगल्या परतफेडीची नोंद कार्ड बंद होताच पुसली जात नाही.

बंद करायचंच ठरलं तर आधी पॉइंट वापरा, वीज-मोबाइलची आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा, बाकी शून्य करा आणि अर्ज लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये बँक तुम्हाला देणं लागते. हे माहीत असलं की फोनवर आवाज कापत नाही.

यांनी फीचं दुसरं, लहान मर्यादेचं कार्ड लगेच बंद केलं. सगळ्यात जुनं बिनफीचं ठेवलं. भारी कार्ड अजून पाकिटात आहे, कारण मुलीच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज केलाय. मंजुरीचं पत्र आलं की त्याचाही अर्ज जाईल. तो त्यांनी लिहून ठेवलाय, बायकोच्या अक्षरात.