घसरलेल्या तरुण खेळाडूचा भाव

चि. लेकी,

तुझं टिपण वाचलं. आइस हॉकीतल्या बावीस वर्षांच्या त्या विंगरचा (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाचा) ट्रेडमधला, म्हणजे संघांच्या अदलाबदलीतला, भाव काढताना तू सुरुवातच ‘ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यातला) चौथा क्रमांक’ इथून केलीस. तो क्रमांक आधी खोड. चार वर्षं एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगमध्ये) खेळून झालेल्या पोराच्या क्रमांकाचे पैसे समोरचा जनरल मॅनेजर देत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो: पोरगा पुढे किती खेळेल, आणि त्याच्यावर आपला हक्क किती वर्षं, किती पैशांत राहील?

पहिल्या प्रश्नासाठी हंगामाचे एकूण पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास) बाजूला ठेव आणि फक्त पाच विरुद्ध पाचचा खेळ घे. समज, तो 75 सामन्यांत रोज 12 मिनिटं खेळला. म्हणजे 900 मिनिटं, 15 तास. त्यात 24 पॉइंट, तर तासाला 1.6. दुसऱ्याला रोज 14 मिनिटं मिळाली आणि त्याने 28 पॉइंट केले, तरी तोही 1.6 वरच. त्या दुसऱ्याला वर पॉवर प्लेची (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाची) जागा मिळाली म्हणून तो 45 वर गेला आणि आपला पोरगा 24 वर दिसतोय. ही तफावत प्रशिक्षकाने दिलेल्या मिनिटांची आहे.

मग नेमबाजी बघ. 120 शॉटवर 6 गोल म्हणजे 5 टक्के. त्याची आजवरची सरासरी 10 टक्के असेल, तर 6 गोल नशिबाने खाल्ले असं समजायला हरकत नाही, पुढच्या वर्षी ते बहुधा परत येतील. पण शॉटच 180 वरून 120 वर आले असतील तर दोष नशिबाला देऊ नकोस. तो गोलसमोरच्या जागेत पोचतच नाहीये. मग व्हिडिओ लाव आणि कुठे अडतोय ते बघ: पाय कमी पडतात, की पक (हॉकीची चकती) ताब्यात आल्यावर निर्णयाला उशीर होतो? पाय कमी पडत असतील तर भाव आणखी उतरव, ते सहसा सुधारत नाहीत.

हक्काचा भाग तू दोन ओळींत उरकलास, आणि खरा भाव तिथेच ठरतो. एंट्री-लेव्हल (नव्या खेळाडूचा पहिला) करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तो संपला की हक्क राखायला संघाला क्वालिफाइंग ऑफर द्यावी लागते, आणि तिचा आकडा मागच्या पगाराशी बांधलेला असतो. डिलन स्ट्रोम 2015 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा. 2022 मध्ये शिकागोने त्याला सुमारे 36 लाख डॉलरची ती ऑफर दिलीच नाही. तो मोकळा झाला, वॉशिंग्टनने त्याला वर्षाला 35 लाखांवर घेतलं आणि 2024-25 मध्ये त्याने 82 पॉइंट केले. शिकागोच्या हाती काहीच आलं नाही. वेव्हरचंही तेच: खाली पाठवण्याआधी खेळाडू बाकी संघांपुढे ठेवावा लागतो, फक्त नव्या खेळाडूंना काही काळ यातून सूट असते. सूट संपलेल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायला गेलं की कोणीही फुकट उचलू शकतो. ईली टोलव्हानेनला नॅशव्हिलकडून डिसेंबर 2022 मध्ये सिएटलने असंच उचललं. पहिल्या फेरीतला खेळाडू, आणि त्या उरलेल्या हंगामात 48 सामन्यांत 16 गोल.

आता तुलनेला सौदे घे, पण वय जुळवून. कर्बी डाख, 2019 चा तिसरा, शिकागोतल्या शेवटच्या हंगामात 70 सामन्यांत 26 पॉइंट. 21 व्या वर्षी, 2022 च्या ड्राफ्टच्याच दिवशी, त्याच्या बदल्यात शिकागोला ड्राफ्टमधली 13 वी आणि 66 वी निवड मिळाली. कापो काको, त्याच ड्राफ्टमधला दुसरा. न्यूयॉर्क रेंजर्सने डिसेंबर 2024 मध्ये, 23 व्या वर्षी, त्याला सिएटलला दिलं ते बचावपटू विल बोर्गेन आणि तिसऱ्या व सहाव्या फेरीच्या निवडीवर. सॅम बेनेट, 2014 चा चौथा, एप्रिल 2021 मध्ये 24 चा. कॅल्गरीने सोबत सहाव्या फेरीची निवडही दिली आणि फ्लोरिडाकडून घेतलं काय, तर दुसऱ्या फेरीची निवड आणि नवखा खेळाडू एमिल हाइनेमान. 21 ते 24 या तीन वर्षांत भाव कसा वितळतो ते दिसलं ना? आणि दुसऱ्या फेरीतले निम्म्याहून जास्त खेळाडू एनएचएलमध्ये शंभर सामनेही खेळत नाहीत, हे लक्षात ठेवूनच ती निवड मोज.

बेनेटचा सौदा नीट अभ्यास. कॅल्गरीत त्या हंगामात 38 सामन्यांत 12 पॉइंट, फ्लोरिडात सेंटरला (मधल्या जागी) खेळवल्यावर 10 सामन्यांत 15. पुढे 2025 मध्ये कॉन स्माइथ ट्रॉफी (बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची) त्याचीच. त्याला संघ बदलून हवाय हे 2021 च्या सुरुवातीलाच, सौद्याआधी, सगळ्यांना कळलं होतं. काकोलाही सौद्याच्या काही दिवस आधीच बाहेर बसवलं होतं. विकणारा अडलाय हे कळलं की समोरचा बोली वर नेत नाही. म्हणून विकायचाच असेल तर आधी तीन-चार आठवडे त्याला वरच्या फळीत, पॉवर प्लेवर खेळवावं आणि जूनमध्ये, ड्राफ्टच्या सुमारास सौदा करावा. तेव्हा सगळ्यांकडे निवडी असतात आणि पगाराच्या कॅपमध्ये (मर्यादेत) जागाही. मार्चमध्ये बाद फेरीची तयारी करणाऱ्या संघांना आजचा खेळाडू हवा असतो, उद्याचा नाही.

तुझ्या विंगरचं पुन्हा मांड: तासाचे पॉइंट, शॉटची संख्या, वेव्हरची सूट, क्वालिफाइंग ऑफरचा आकडा. मग असे तीन संघ शोध ज्यांच्या दुसऱ्या फळीत उजवी बाजू रिकामी आहे. भाव एका आकड्यात लिहू नकोस. आधी किती मागायचं आणि कितीच्या खाली आलं तर त्याला ठेवूनच घ्यायचं, हे दोन्ही लिही आणि ड्राफ्टच्या आधी पाठव.